थापेचे नियम

रविवार, १० ऑगस्ट २०२५. कोल्हापूर

भाच्याने आज सगळं सांगितलं. फी भरायला दादाने पाठवलेल्या पैशांतले बरेचसे मोबाइलवरच्या पत्त्यांत गेले. रात्री दोन-अडीचपर्यंत पांघरुणात खेळायचा म्हणे. मला भिंतीपलीकडे पत्ता नाही. रागावण्यासारखं होतं, रागावले. दादाला तोच फोन करणार आहे, मी करायचा नाही असं ठरलं.

पण त्याचं एक बोलणं डोक्यातून जात नाही. "आत्या, समोरचा थापा मारत होता की त्याच्याकडे खरंच पानं होती, हे मला एकदाही कळलं नाही." हरला कुणाशी, तेही त्याला ठाऊक नाही. पडद्यावर एक चित्र आणि खाली टोपणनाव, एवढीच ओळख.

पत्त्यांची आवड आमच्या घरात पिढीजात. गणपतीत गावच्या घरी ओटीवर रात्ररात्र डाव चालतात, बायाही बसतात. त्यामुळे मुलाची आवड वाईट आहे असं मला मुळीच वाटत नाही. पण लावणं, समोरच्याचा अंदाज घेणं, हलकं पान हातात असताना भारी असल्यासारखं बोलणं, यात बुद्धीला केवढं तरी खाद्य आहे. ते खाद्य त्याला चुकीच्या ताटात मिळालं.

रात्री जेवताना त्याला म्हटलं, गणपतीला जायच्या आधी आपण दोघं मिळून एक नवा खेळ बांधू. पण लागला पाहिजे, थाप मारता आली पाहिजे, पकडता आली पाहिजे, आणि पैसा मात्र एकही नको. आठवड्यात पहिल्यांदा तो मान वर करून बोलला.

बुधवार, १३ ऑगस्ट

घरात येणारे खेळ एकेक करून पाहिले. मेंढीकोट, लॅडीस, झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन. सगळे छान, पण त्यांत खोटं बोलायला जागा नाही. 'चॅलेंज'मध्ये आहे. पानं पालथी टाकायची, "तीन सत्त्या" म्हणायचं, कुणाला संशय आला तर उघडायची; खोटं निघालं तर गठ्ठा आपल्या गळ्यात. मुलांना हा खेळ फार आवडतो. मला त्यात एक उणीव दिसते. हातात सत्ती नसली आणि पाळी सत्तीची आली, तर खोटं बोलावंच लागतं. मला निवडीचं खोटं हवं आहे. गप्प बसण्याची वाट मोकळी असताना माणूस थाप मारतो, ती खरी थाप.

तशी ती तीन पत्तीत आहे. भाच्यासोबत बसून तिचा हिशोब मांडला. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांत ट्रेल ५२, प्युअर सिक्वेन्स ४८, सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, पेअर ३,७४४. उरलेल्या १६,४४० हातांत काहीच नसतं. म्हणजे दर चार हातांमागे साधारण तीन रिकामे. भाचा त्या १६,४४० कडे बराच वेळ पाहत राहिला. हा आकडा त्याला कुणी आधी दाखवला नव्हता. रिकाम्या हातांचं राज्य असल्यामुळेच तीन पत्तीत थापेला एवढी किंमत.

तरी तीन पत्ती नको. चाल वाढत जाते, तिला वरची मर्यादा घरोघरी वेगळी, आणि माणूस गेलेलं परत मिळवायला पुढची चाल टाकतो. आपल्या खेळात एका डावात एकदाच पण. तो किती, हे आधीच ठरलेलं.

शनिवार, १६ ऑगस्ट

बाहेर दहीहंडीचे ढोल. आम्ही आत कागद घेऊन.

हॅरोल्ड कून यांनी १९५० साली मांडलेला छोटा खेळ भाच्याला शिकवला. पत्ते फक्त तीन, खेळणारे दोन. दोघांनी एकेक नाणं मध्ये टाकायचं, एकेक पान घ्यायचं, पण लावायचा तर एकच नाणं. याहून लहान जुगार कल्पनेत येणार नाही. तरीही त्यात थाप लागतेच. पहिल्याने पण लावला नाही, तर दुसऱ्याने सर्वांत हलकं पान हातात असताना तीनातून एकदा थाप मारणं हेच उत्तम. दोघंही उत्तम खेळले, तर पहिला दर डावाला सरासरी एक अठरांश नाणं गमावतो. थाप ही स्वभावाची गोष्ट आहे, धीट माणसं मारतात आणि भित्री मारत नाहीत, असं आपण धरून चालतो. कागद सांगतो की थापेचं एक योग्य प्रमाण असतं आणि ते मोजता येतं.

याचं मूळ जॉन फॉन नॉयमन यांच्या १९२८ च्या निबंधात. पुढे १९४४ साली मॉर्गनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरवर अख्खा विभाग खर्ची घातला. एवढ्या मोठ्या गणितज्ञाला पत्त्यांच्या डावात एवढा रस का, असं भाच्याने विचारलं. बुद्धिबळात सगळं पटावर दिसतं, आयुष्यात दिसत नाही, हे त्याचं उत्तर. न दिसणाऱ्या गोष्टींवर निर्णय कसा घ्यावा, याचा सर्वांत स्वच्छ नमुना पत्त्यांत सापडतो.

रात्री पहिला मसुदा झाला. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची पानं बाजूला काढायची. सत्ती ते एक्का, चारही रंगांची मिळून ३२ पानं उरतात. एक्का, राजा, राणी, गुलाम ही 'मोठी', सोळा. दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती ही 'हलकी', तीही सोळा. प्रत्येकाने मध्ये एक चिंचोका टाकायचा. ज्याची पाळी तो गठ्ठ्यातलं एक पान एकट्याने पाहणार, पालथं ठेवणार आणि "सोडलं" किंवा "मोठं" म्हणणार. "मोठं" म्हटलं की सोबत पण. बाकीच्यांनी "मान्य" म्हटलं तर मधली रास त्याची. कुणी "थाप" म्हटलं तर त्यानेही तेवढाच पण लावायचा आणि पान उघडायचं.

नाव भाच्याने ठेवलं. थाप.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

काल राज्यसभेत, परवा लोकसभेत आणि आज राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. कौशल्याचा खेळ असो वा नशिबाचा, पैसा लागला की तो बंद. आजवर भेद होता. आपल्याकडचा १८८७ चा जुगारबंदीचा कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो, आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानताना तीन पानांच्या खेळाला नशिबाच्या बाजूला बसवलं होतं.

भाच्याला बातमी वाचून दाखवली. "आता काय उपयोग," म्हणाला. उपयोग आहे. त्याच्या मागून येणाऱ्यांना आहे. मला हा कायदा हवाच होता, आणि तो अमलात येताना पळवाटा निघू नयेत अशी मनापासून इच्छा आहे.

सोमवार, २५ ऑगस्ट. गाव

दुपारी पोचलो. पाऊस, चिखल, आणि मुंबईहून आलेल्या चुलतभावाची बॅग एसटीत राहिली म्हणून धावपळ. सावंतवाडीच्या स्टँडवर ती सापडली.

रात्री ओटीवर पहिला डाव. सहाजण: भाचा, आठवीतली भाची, चुलतभाऊ, त्याचा दहावीतला मुलगा, वहिनी आणि मी. वहिनीने माळ्यावरून चिंचोक्यांची बरणी काढली, काठोकाठ भरलेली. तिथेच डाव बसेना. चिंचोके संपले की बरणीत हात. मग कशाला कोण विचार करतो! प्रत्येक पानावर "थाप, थाप" असा ओरडा. थाप पकडण्यात मजा नाही आणि मारण्यात त्याहून नाही. अर्ध्या तासात पानं विखुरली.

पैसा नको हे ठरलेलं, पण जाण्याचं काही दुःख तर हवं. जे गेल्याने काही बिघडत नाही, ते लावण्याला पण म्हणतच नाहीत. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तातला जुगारी बेहड्याच्या बियांनी खेळत होता; बेहड्याची बी रानात फुकट मिळते, पण त्याच्या पणाला घरदार लागलेलं होतं. प्रश्न चिंचोक्याचा नसून त्याच्यामागे काय उभं आहे याचा आहे.

वहिनीने तो सोडवला. म्हणाली, परवा मोदकांना नारळ खवायचे आहेत, पंचवीस तरी. उद्या रात्री सर्वांत कमी चिंचोके ज्या दोघांकडे, ते खवणीवर बसतील. सर्वांत जास्त ज्याच्याकडे, तो पहिली आरती कोणती ते सांगेल. प्रत्येकाला मोजून चाळीस चिंचोके, बरणी परत माळ्यावर.

मंगळवार, २६ ऑगस्ट. हरतालिका

जागरण होतंच. बाबांची धाकटी बहीण, आमची आत्या, उपासाची असूनही बसली. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी एका डोळ्याला अधू. तिच्यासाठी मी बाजूला सरले आणि वही घेऊन लिहीत बसले. खेळणारे सहाच राहिले.

नारळांनी चिंचोक्याला एका रात्रीत किंमत आणली. शांतता पसरली, माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. आता नियमांतल्या खऱ्या फटी दिसू लागल्या.

पहिली फट पणाची. पण एक ते दहा, मनाला येईल तेवढा, असं ठेवलं होतं. राशीत सहा असताना कुणी एकच चिंचोका लावला की समोरचा हमखास "थाप" म्हणे, कारण हरला तर एकच जाणार. दहा लावले की कुणी हात घालत नसे. चुलतभावाच्या मुलाने हे लगेच हेरलं आणि हलक्या पानावर दहा, मोठ्यावर एक, असं चालवलं. चार फेऱ्यांत सगळ्यांना ते कळलं. बऱ्याच वादानंतर ठरलं की पण मधल्या राशीएवढाच, ना कमी ना जास्त. पान काय आहे ते पणाच्या आकड्यावरून कळता कामा नये.

दुसरी फट जास्त गंभीर होती. थाप पकडायची कुणी? कुणीही, असा मसुदा होता. तेव्हा ज्याचा आवाज मोठा तो आधी बोले. म्हणून डावीकडून पाळीने विचारायचं ठरवलं, तर प्रत्येकजण "मान्य" म्हणून मोकळा. पुढचा बघेल काय ते. सगळा भार शेवटच्यावर, आणि शेवटची बहुतेक वेळा भाची. ती रडकुंडीला आली. पदरचा पण लावून एकट्याने थाप पकडायची, आणि ती सुटली तर नुकसान सगळ्यांचं थोडं थोडं, म्हणून कुणालाच आपलं वाटत नाही. वर्गात, सोसायटीत, गावकीत हेच पाहिलं आहे.

भाच्याने तोड काढली. बोलणाऱ्यानेच नाव घेऊन एकाला विचारायचं: "काकू, मोठं." आता उत्तर काकूंनीच द्यायचं, इतरांनी गप्प. पण मग भित्र्यालाच सारखं विचारलं जाईल, ही भाचीची शंका, आणि ती रास्त होती. आत्याने देव्हाऱ्यातून कवड्या आणवल्या. प्रत्येकासमोर एक कवडी उताणी. ज्याला विचारलं त्याची कवडी पालथी. पालथी कवडी असलेल्याला पुन्हा विचारायचं नाही. सगळ्या पालथ्या झाल्या की सगळ्या पुन्हा उताण्या.

खवणीवर भाचा आणि चुलतभाऊ.

गुरुवार, २८ ऑगस्ट. ऋषिपंचमी

आज एका पानावरून दोन भावंडं रात्रीची न जेवता उठली.

झालं असं. भाचा म्हणाला, "मोठं." बहिणीला विचारलं होतं. ती खूप वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि शेवटी "मान्य" म्हणाली. त्याने रास ओढली आणि हसत पान उलटून दाखवलं: चौकटची अठ्ठी. तिने पत्ते भिरकावले. एरवी मी लहानांचं भांडण म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच्यावर कुठल्यातरी न दिसणाऱ्या माणसाने हेच केलं होतं, आणि तोच आज ते आपल्या बहिणीवर करत होता.

आत्या मांडीवरची सुपारी कातरत म्हणाली, "पण लावल्याशिवाय पान कोणाक दाखवूचा नाय." तिच्या लहानपणी घरातल्या पुरुषांच्या डावातही हाच कायदा होता म्हणे. जिंकलेल्याने हौसेने पान दाखवलं तर त्याला दंड बसे.

मला हा नियम वरवर शिष्टाचाराचा वाटला, पण विचार केल्यावर त्यात खेळाचा गाभा दिसला. "मान्य" म्हणणाऱ्याने आपली किंमत मोजली आहे: रास सोडली. त्या बदल्यात त्याला न कळण्याचा हक्क मिळतो. आपण फसलो की नाही हे कायमचं झाकलेलं राहतं, म्हणून उद्या पुन्हा त्याच माणसासमोर बसता येतं. पान उघडून दाखवलं की जिंकणं संपून चिडवणं सुरू होतं. उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची: हरलेल्यानेही "दाखव ना, खरं होतं का" म्हणून मागे लागायचं नाही.

नियम लिहिला. न विचारता पान दाखवलं, तर मिळालेली सगळी रास परत मध्ये. भाच्याने स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि बहिणीला वाचून दाखवला. जेवण बाराला झालं.

शनिवार, ३० ऑगस्ट

रोज आत्या जिंकते. पहिली आरती कोणती हे रोज तीच सांगते. लक्ष ठेवून आहे. तिच्या तोंडावर काही हलत नाही, हे एक. पण चुलतभावाचंही तोंड दगडासारखंच आहे, तो तर बँकेत वसुलीला होता. तो रोज हरतो.

आज दुपारी ती तांदूळ निवडत असताना जवळ जाऊन विचारलं, "आत्या, थाप कधी मारायची हे तू कसं ठरवतेस?"

"मी खंय ठरयतंय?" म्हणाली. "पान ठरयता. हलक्या पान इला आणि तांबडा असला तर बोलतंय. काळा असला तर सोडतंय. आपण ठरयला की तोंडार दिसता."

सूप हातात घेऊन मी तिथेच बसले. बदाम किंवा चौकट असेल तर थाप, इस्पिक किंवा किलवर असेल तर सोडलं. एवढंच. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. हलक्या पानांतली निम्मी तांबडी, निम्मी काळी. म्हणजे हलकं पान आलं की दोनातून एकदा थाप, पण कुठल्या वेळी हे तिच्या मनावर नाही, पानावर.

संध्याकाळी सगळ्यांना ओटीवर बोलावून हिशोब मांडला, अगदी चिंचोके ओळीने लावून. राशीत सहा, पण सहा धरा. आत्याच्या चार पाळ्या घेतल्या तर सरासरीने दोनदा मोठं पान, एकदा हलकं तांबडं, एकदा हलकं काळं. काळ्याला ती सोडते. राहिल्या तीन वेळा ती "मोठं" म्हणते, त्यांतली एक थाप. आता समोरच्याने तिन्ही वेळा "थाप" म्हटलं तर? एकदा पकडतो आणि राशीतले सहा, तिच्या पणाचे सहा, असे बारा मिळवतो. दोनदा स्वतःचे सहा-सहा घालवतो, तेही बाराच. हाती शून्य. तिन्ही वेळा "मान्य" म्हटलं तरी शून्य. काहीही करा, तिच्याविरुद्ध एक चिंचोका सुटत नाही.

आणि आत्याच्या पदरात काय? सगळे "मान्य" म्हणाले तर तीनदा सहा, अठरा. सगळे "थाप" म्हणाले तर दोनदा बारा म्हणजे चोवीस, त्यातून थापेचे सहा वजा, अठराच.

मग भाचीचा हिशोब घेतला. ती कधी थाप मारत नाही आणि ते सगळ्यांना कळून चुकलं आहे. तिच्या प्रत्येक "मोठं"ला सगळे "मान्य" म्हणतात. चार पाळ्यांत दोनदा सहा, बारा. चुलतभावाचा मुलगा प्रत्येक पानावर "मोठं" म्हणतो, आणि तेही सगळ्यांना ठाऊक. सगळे प्रत्येक वेळी "थाप" म्हणतात. दोनदा खरं निघून चोवीस, दोनदा पकडला जाऊन बारा वजा. त्याचेही बारा. नेहमी खरं बोलणारी आणि कधीच खरं न पाहणारा, दोघंही नेमके एका जागी, आत्यापेक्षा सहाने मागे.

दहावीतला मुलगा म्हणाला, "पण आता आत्येआजीची युक्ती आम्हाला कळली. आता हरवू." रात्री सगळे त्याच ईर्षेने बसले. युक्ती कळून काय उपयोग, पान तर पालथं! तांबडं की काळं हे त्यांना दिसत नाही. ती पुन्हा जिंकली. फॉन नॉयमन यांनी १९२८ साली सिद्ध केलं ते नेमकं हेच: आपली रीत समोरच्याला सांगून टाकली तरी जिचं काही बिघडत नाही, अशी एक रीत असते. नळाला ऋतुपर्णाने बेहड्याखाली अक्षहृदय दिलं, तेही मोजण्याचंच शास्त्र होतं. नळ-दमयंतीची ही कथा आत्याला तोंडपाठ आहे.

भाच्याने विचारलं, मग तोंडाचा काही संबंधच नाही का? यंत्रंही थापा मारतात ना? मारतात. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या तुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांच्या लिब्राटस या प्रणालीने चार निष्णात पोकरपटूंना वीस दिवसांत १,२०,००० हात खेळून हरवलं. तिला तोंडच नव्हतं. पण मी त्याला म्हटलं, हरवणं एवढंच हवं असेल तर तोंड लागत नाही. अठ्ठी हातात घेऊन बहिणीकडे बघायचं असेल तर लागतं.

सोमवार, १ सप्टेंबर. गौरीपूजन

दिवसभर स्वयंपाक. रात्री चुलतभावाने 'ब्लाइंड' आणायचा प्रस्ताव मांडला. तीन पत्तीत पानं न पाहता खेळणारा निम्म्यात चाल टाकतो, तसं इथेही पान न बघता "मोठं" म्हणायची मुभा आणि पण निम्मा. करून पाहिलं. तिथे ब्लाइंडला जोर आहे. इथे पान एकच आणि निम्मी पानं हलकी, तेव्हा समोरच्याने डोळे मिटून "थाप" म्हणावं, त्याचा फायदाच. न पाहणाऱ्याला चार पाळ्यांत सरासरी बाराच पडतात. गणित राहू दे, मला ते मुळातच पटलं नाही. पान न पाहता "मोठं" म्हणणाऱ्याला खरं काय ते माहीत नसतं. त्याची थाप कुणी कशी पकडणार? मुभा काढून टाकली.

बुधवार, ३ सप्टेंबर. सावंतवाडी

काल गौरी-गणपती गेले. घर सुनं, म्हणून मुलांना घेऊन राजवाड्यावर. दरबारात कारागीर गंजिफा रंगवत बसलेले असतात. गोल पानं, लाखेची चकाकी, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी १२० पानं. ही कला जवळजवळ बुजली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती शिकून घेतली, शिकवली, म्हणून आज दिसते.

गंजिफात थाप नाही, तो हात करण्याचा आणि स्मरणाचा खेळ. पण एक गोष्ट मुलांना फार आवडली. निम्म्या रंगांत दहाचं पान भारी, निम्म्यांत एक्का भारी. आणि दिवसा खेळायला बसलं तर ज्याच्याकडे राम त्याची उतारी, रात्री बसलं तर कृष्णाची. भाची म्हणाली, आपल्याही खेळात रात्री-दिवसाचा नियम हवा. दिवसा हलकी पानं मोठी, रात्री मोठी ती मोठी. संख्या दोन्हीकडे सोळाच, हिशोब बदलत नाही. घेतला.

गुरुवार, ४ सप्टेंबर

उद्या कोल्हापूर. भाच्याने नियमांची स्वच्छ प्रत काढली, दोन प्रती चुलतभावाकडे मुंबईला. इथे उतरवून ठेवते.

खेळणारे चार ते सात. प्रत्येकी चाळीस चिंचोके, वरून भर नाही. सत्ती ते एक्का ३२ पानं, दर पाळीला नव्याने पिसायची. प्रत्येकाने मध्ये एक टाकायचा. पाळीवाला वरचं पान एकट्याने पाहतो, पालथं ठेवतो. "सोडलं" म्हटलं तर रास तशीच राहते, सगळे आणखी एकेक टाकतात, पाळी डावीकडे जाते. "मोठं" म्हटलं तर राशीएवढा पण पुढे सरकवायचा आणि उताणी कवडी असलेल्या एकाचं नाव घ्यायचं. जवळ तेवढे चिंचोके नसले तर आहेत तेवढे लावायचे, समोरच्यानेही तेवढेच. ज्याचं नाव घेतलं त्याची कवडी पालथी. त्याने "मान्य" म्हटलं तर रास आणि पण बोलणाऱ्याचा, पान न दाखवता गठ्ठ्यात. "थाप" म्हटलं तर त्याचाही पण, मग पान उघडायचं. जो खरा ठरेल त्याचं सगळं. इतरांनी मध्ये बोलायचं नाही. संध्याकाळनंतर मोठी ती मोठी, उजेडी हलकी ती मोठी. शेवटच्या दोघांना काय काम, हे डाव मांडण्याआधी ठरवायचं, आणि ते घरातलं खरं काम असावं.

पैसा लावायचा नाही. रुपया नाही, चार आणे नाहीत. चिंचोक्यामागे काम उभं करा, ते पुरतं.

घरी खेळायला घेतलंत तर बाकीचे नियम तुमच्या ओटीला बसतील तसे बदला. पानांची संख्या बदला, कवड्या नसल्या तर बटणं घ्या. "मान्य" म्हटल्यावर पान न उघडण्याचा नियम मात्र आहे तसा पाळा.